मयेकर मॅडम आणि ओव्हनवरचा डबा

आज सकाळी लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलीने मला विचारलं, "ताई, ओव्हनच्या डोक्यावर हा गंजलेला बिस्किटांचा डबा पडलाय, टाकून देऊ?" आणि मी "हात नको लावूस!" असं एवढ्या जोरात ओरडले की बिचारी दोन पावलं मागे सरकली. मग मलाच हसायला आलं. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते मयेकर मॅडमचं होतं, आवाजासकट. आता त्या मुलीला डब्याची गोष्ट सांगायचीच आहे, तर म्हटलं नीट लिहूनच काढते. चहा थंड झाला तर होऊ दे.

वृषाली मयेकर. आमच्या लॅबच्या सीनियर टेक्निशियन. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, कॉटनची साडी, पदर पिनने असा घट्ट बसवलेला की वादळ आलं तरी हलणार नाही, त्यावर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात एक छोटा स्क्रूड्रायव्हर, एक पेन्सिल आणि जुन्या साडीचा एक मऊ तुकडा. शुक्रवारी अंबाड्यावर अबोलीची वेणी. बोरिवलीहून अंधेरीला आमच्या मरोळच्या बाजूच्या लॅबमध्ये सव्वाआठच्या ठोक्याला हजर. बाहेर चपला, आत कॅनव्हासचे बूट. ते बूट त्या रोज संध्याकाळी लॉकरमध्ये असे ठेवायच्या की दोन्ही टाचा एका रेषेत.

मी पहिल्या दिवशी आले ना, तेव्हाच वाट लावून घेतली. घाटकोपरहून मेट्रोने धावत आलेली, घामाघूम, आणि दारात ह्या दिसल्या. मी म्हटलं, "मावशी, सोनटक्के सरांची लॅब कुठली?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या आईचं नाव काय गं?"

"सुजाता."

"मला तिची बहीण असल्याचं कुणी सांगितलं नाही अजून. मी इथली टेक्निशियन. मयेकर. लॅब हीच. आणि ह्या सँडल घालून आत आलीस तर पाय तुझे, जबाबदारी तुझी."

त्या दिवसापासून मी त्यांना मॅडमच म्हणते.

काच धुण्यावरून तर त्या कुणालाच सोडायच्या नाहीत. तुम्ही बीकर धुऊन ठेवलात की त्या तो उजेडाकडे धरायच्या, पाणी ओतायच्या, बघायच्या. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब राहत नाही, पाणी चादरीसारखं सरळ खाली उतरतं. थेंब राहिला की संपलं, मलाच ऐकून घ्यावं लागायचं. "प्राची, हा धुतलायस की ह्याला नुसतं पाणी दाखवलंयस?" एकदा सरांनी स्वतः धुतलेला फ्लास्कसुद्धा त्यांनी सरांच्या टेबलावर परत नेऊन ठेवला होता. नुसता ठेवला. सर उठले आणि बेसिनकडे गेले.

आणि मशिनचं त्यांना आधी कानाने कळायचं. व्हॅक्यूम पंप बिघडायच्या दोन दिवस आधी त्या म्हणायच्या, "ह्याचा गळा बसलाय." वडील गिरणीत होते, सूतकताईच्या खात्यात. ते म्हणायचे म्हणे, की मशीन बंद पडण्याआधी तुम्हाला हाक मारतं, तुम्ही ऐकलं पाहिजे. गिरणी गेली, घर लालबागहून बोरिवलीला गेलं, पण तो कान मात्र मुलीकडे आला.

तिसरी सवय म्हणजे सगळं दोनदा बघणं. गॅसची चावी दोनदा, नळ दोनदा. संध्याकाळी निघाल्या की लॅबचं दार ओढायच्या, चार पावलं जायच्या, चपलांचा आवाज थांबायचा, मग तेच चट-चट-चट परत यायचं, कडी एकदा आणखी ओढली जायची, आणि मग जायच्या. रोज. आमचा रोहन, माझा लॅबमेट, त्या आवाजावर घड्याळ लावायचा. "झालं परत फिरून? आता खऱ्या गेल्या."

बरं, आता आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पण ते मी नाही सांगत, मॅडमनी सांगितलं तसंच सांगते, कारण त्यांच्यासारखं कुणालाच जमलं नाही.

एकदा एका कंपनीचे पाहुणे आले होते, पैसे घालायचे की नाही बघायला. सरांनी पाऊण तास स्लाइड दाखवल्या. बहुवारिक साखळ्या, यांत्रिकरीत्या गुंतलेले रेणू, प्रकाशाला प्रतिसाद वगैरे. पाहुण्यांपैकी एकजण एव्हाना खिडकीबाहेरचं बांधकाम बघायला लागला होता. मॅडम चहा आणायचा का ते विचारायला मीटिंग रूममध्ये आल्या, आणि त्या पाहुण्याने वैतागून त्यांनाच विचारलं, "तुम्हाला कळतं का हो हे काय करतात?"

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "सांगा ना."

त्या सरळ खिडकीकडे गेल्या आणि पडद्याचा रॉड दाखवला. "हा रॉड. दोन टोकांना ही बोंडं. मधे रिंग. रिंग चिकटवलीये का? नाही. निघते का? नाही. सरकते." पडदा इकडून तिकडे ओढला. "आता असे लाखो रॉड समजा, धाग्यासारखे मऊ, आणि ह्या रॉडची रिंग त्या रॉडच्या रिंगेला बांधलेली. ह्या सगळ्या जाळीत पाणी भरलं की आमचं जेल. जांभळ्यापलीकडचा उजेड टाकला की रिंग आपली जागा सोडून बाजूला सरकते, जाळी एका अंगाने आखडते, पट्टी वाकते. दुसरा उजेड टाकला की रिंग परत घरी. कुठेही काही तुटत नाही." मग पडदा नीट करत म्हणाल्या, "चिकटवलेलं असतं ना, तर चार वेळा वाकून फाटलं असतं. सरकायला जागा आहे म्हणून टिकतं. चहा आणू ना?"

तो पाहुणा उठून पडद्यापाशी गेला आणि स्वतः रिंग सरकवून बघायला लागला. तेव्हापासून सरांची पहिली स्लाइड म्हणजे पडद्याच्या रॉडचा फोटो.

आमच्या पट्ट्या दिसायच्या कशा? आगपेटीतल्या काडीएवढ्या, पिवळसर नारिंगी, आंबापोळीच्या बारीक कापासारख्या. पाण्यात टांगायच्या, दिवा लावायचा, आणि त्या दिव्याकडे मान वळवायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घरी जाऊन आईला हाताने करून दाखवलं होतं. शंभर वेळा वाकवली तरी थकत नाही, हे आमचं मोठं म्हणणं. तोच माझा पेपर, त्यावरच माझी पीएचडी. आणि झकास चाललं होतं सगळं.

मग एका दुसऱ्या शहरातल्या लॅबचा मेल आला. अगदी सभ्य भाषेत. तुमच्या पद्धतीने जेल बनवलं, पहिल्या दिवशी छान वाकलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळजवळ थांबलं. काही सुटलंय का?

आम्ही परत करून बघितलं. आमच्याकडे वाकतंय. दहाव्या दिवशीही वाकतंय. तुम्हाला वाटेल बरं झालं की! पण नाही ना. आपल्याकडेच चालतं आणि दुसरीकडे कुठेच चालत नाही, ह्याचा अर्थ लोक एकच काढतात. अजून दोन मेल आले, जरा कमी सभ्य. शेवटी ठरलं की त्यांची दोन माणसं येणार, एका सोमवारी, आमच्याच लॅबमध्ये, समोर बघणार.

आणि त्या सोमवारच्या आधी आले गणपती.

मयेकर मॅडम गणपतीला गावी जाणार म्हणजे जाणार. मालवणच्या अलीकडे गाव आहे त्यांचं. बाकी वर्षभर एक रजा नाही, पण भाद्रपदात अकरा दिवस पक्के. आमच्या घरी गणपती बसत नाही, आम्ही विहारात जाणारे, पण दरवर्षी त्या परत आल्या की माझ्यासाठी मालवणी खाज्याचा एक पुडा वेगळा असायचा. तो लॅबच्या बाहेर, जिन्यात उभं राहूनच खायचा. "आत खाल्लंस तर पुढच्या वर्षी नाही."

ह्या वर्षी त्या गेल्या शनिवारी; मागच्या वर्षी गणपतीत ह्या पट्ट्या बनल्याच नव्हत्या. मंगळवारी माझ्या पट्ट्या मरगळल्या. बुधवारी तर दिव्यासमोर अशा लटकल्या होत्या जशा काही ऐकूच येत नाही. मंगळवारीच टाकलेली नवीन बॅचसुद्धा पहिल्या दिवशी नाचून मरगळायला लागली. अगदी त्या मेलमध्ये लिहिलं होतं तस्संच.

रोहन म्हणाला, "मॅडम गेल्या आणि जेलने संप केला यार." मला अजिबात हसू आलं नाही.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर ओरडत नाहीत, तेच जास्त भीतिदायक असतं. ते म्हणाले, "प्राची, सोमवारी पट्टी वाकली नाही तर मी पेपर मागे घेणार. दुसरा मार्ग नाही माझ्याकडे." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तू आधी काही वेगळं करत होतीस का? जे लिहिलं नाहीस?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हते करत. पण हा प्रश्न एकदा विचारला गेला की तो कायम विचारला जातो.

गुरुवारी मी मॅडमना फोन लावला, तो मदतीसाठी नाहीच. केमिकलच्या कपाटाची दुसरी चावी सापडत नव्हती, म्हणून. चौथ्यांदा लागला. पलीकडे झांजा, पोरांचा गोंधळ, आणि मॅडम ओरडून बोलतायत, "थांब, थांब, कुंपणाच्या गडग्यावर चढते. इथे फणसाखालीच रेंज येते... हां, बोल."

मी चावीचं विचारलं. त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "पट्ट्या कशा आहेत?"

बस. मला रडूच आलं. मी सगळं सांगितलं, वाकत नाहीत, सोमवारी माणसं येणार, सर पेपर मागे घेणार.

मग मॅडम गावी गेल्यावर बोलतात त्या बोलीत म्हणाल्या, "अगो, पण रात्री निजवतंस ना त्यांका?"

"कोणाला?"

"पट्ट्यांका गो! डब्यात."

"कुठल्या डब्यात? मॅडम, तुम्ही नाही म्हणून मी ड्रॉवरमध्ये ठेवते. अंधारात. पेपरमध्ये पण तसंच आहे, रात्री अंधारात ठेवल्या."

"ओव्हनवरचो डबो, चेडवा. बिस्किटांचो. रोज साडेपाचाक मी..." आणि त्या थांबल्या. मला वाटलं रेंज गेली. मग अगदी हळू, आणि अचानक शुद्ध मुंबईच्या मराठीत, "म्हणजे तुला माहीतच नव्हतं."

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. साडेपाचला आम्ही सगळे कॅन्टीनला पळायचो, तिथून वरच्या मजल्यावर लिहायला. बेंचवर सोडलेल्या पट्ट्या सकाळी फॉइलमध्ये गुंडाळून जागच्या जागी मिळायच्या. मॅडम आवरतात, ड्रॉवरमध्ये ठेवतात, असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नाही. वहीत मात्र रोज माझ्याच हाताने लिहिलं, "रात्री अंधारात ठेवलं." न बघता लिहिलं. एवढं आकडे आकडे करणारी मी, आणि दिवसातले जवळजवळ पंधरा तास माझं जेल कुठे असतं हे मला ठाऊक नाही!

मी म्हटलं, "मॅडम, मी आत्ताच जाऊन सरांना सांगते."

"नाही." एकदम कडक. "सरांना मी सांगणार. माझ्या तोंडाने. तू फक्त आज साडेपाचला त्या डब्यात ठेव. फॉइल दुहेरी. आणि गप्प राहा."

"पण तुमची रजा तर अजून..."

"रजा अकरा दिवसांची आहे. बाप्पा आमचा गौरीबरोबर जातो. उद्या विसर्जन झालं की निघते." आणि ठेवायच्या आधी, परत त्या गावच्या आवाजात, "भियाव नको. वाकतली."

मला तेव्हा वाटलं मॅडम उगाच मोठं करतायत. शुक्रवारभर मी डबा न उघडता सरांसमोर तोंड शिवून बसले आणि आतून नुसती उड्या मारत होते. मग शनिवारी सकाळी त्या आल्या तेव्हा कळलं की घाबरलेल्या त्या होत्या. रात्रभर बसने येऊन थेट लॅबमध्ये. हातात कापडी पिशवी, डोळे लाल, पदराची पिन मात्र जागच्या जागी. त्यांनी लॉकर उघडला आणि कॅनव्हासच्या बुटांखालून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत एक पिवळा पडलेला कागद.

तो एक मेमो होता. खूप वर्षांपूर्वीचा, सरांच्याही आधी जे साहेब होते त्यांनी दिलेला. त्या दिवशी एका हीटरचा आवाज मॅडमच्या कानाला वेगळा लागला होता, म्हणून त्यांनी तो बंद केला. आग लागली असती बहुतेक. पण साहेबांचा तीन दिवसांचा प्रयोग वाया गेला, आणि मॅडमना कागद मिळाला, की टेक्निशियनने परवानगीशिवाय नमुन्यांना हात लावू नये, पुन्हा असं झाल्यास कारवाई केली जाईल. सही-शिक्का. मॅडमनी तो जपून ठेवला होता, बुटांखाली. रोज सकाळी त्याच्यावरून बूट उचलायच्या आणि कामाला लागायच्या.

"रिटायरमेंटला सहा आठवडे राहिलेत," त्या मला म्हणाल्या. "माझ्या फाइलमध्ये दुसरा कागद लागला तर लागू दे. पण तुझ्यावर नको." आणि चालायला लागल्या. मी मागे.

सरांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"सर, प्राचीने काही लपवलेलं नाही. मी लपवलंय. म्हणजे लपवलं असं नाही, सांगितलं नाही. तिच्या पट्ट्या मी रोज रात्री ओव्हनवरच्या डब्यात ठेवते. परवानगी नव्हती माझ्याकडे." आणि मेमो टेबलावर ठेवला. "हा आधीचा आहे. बघून घ्या. एकदा सांगूनही मी परत तेच केलंय."

सरांनी कागदाकडे बघितलंच नाही. ते म्हणाले, "ओव्हनवर? म्हणजे गरम?"

"हो. कोमट म्हणा."

"किती?"

"बावन्न."

"बावन्न कशावरून?"

"थर्मामीटर आहे ना आत." मॅडमना हा प्रश्नच विचित्र वाटला. "चोपन्नच्या वर गेलं तर झाकण किलकिलं ठेवते. कोपऱ्यात नाही ठेवायच्या, कोपरा जास्त तापतो. मधे, फडक्यावर."

सर पुढे झुकले. "पण का? तुम्हाला का वाटलं ठेवाव्यात?"

"सुरुवातीला नुसतं आवरायचं म्हणून. ही पोरं बेंचवर टाकून जातात, आणि ओव्हनचं डोकं हीच एक जागा जिथे काही सांडत नाही. मग लक्षात आलं, डब्यातल्या सकाळी ताज्या असतात, आणि चुकून बाहेर राहिलेली मरगळते. मला वाटलं भास असेल. म्हणून पंधरा दिवस बघितलं. अर्ध्या डब्यात, अर्ध्या ड्रॉवरमध्ये. एकाच बॅचच्या, प्राचीने वापरून बाजूला टाकलेल्या. डब्यातल्यांना फॉइलवर पेन्सिलने टिंब."

सर मागे टेकले. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर डोक्यातला दिवा लागताना बघितला. ते माझ्याकडे वळून भराभर बोलायला लागले, "अगं, दुसऱ्या उजेडाने सगळ्या रिंगा परत जात नाहीत! बहुतेक जातात, थोड्या अडकून राहतात. रोज थोड्या, रोज थोड्या. चार दिवसांत जाळी अर्धी अडकलेली. आपल्या एसीच्या गारव्यात त्या सुटायला कितीतरी दिवस लागतील. पण अंधार आणि ऊब मिळाली की एका रात्रीत सगळ्या घरी!" मग मॅडमकडे, "मॅडम, एवढं सगळं केलंत, आम्हाला का नाही सांगितलं?"

मॅडम गोंधळल्या. खरंच गोंधळल्या. "सर, विरजण लावल्यावर भांडं उबेला ठेवलं, वर झाकण ठेवलं, हे कुणी लिहून ठेवतं का? ते आवरण्यात येतं. काम तर तुमचं असतं."

सरांनी समोरचा कागद ओढला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. "परत सांगा. बावन्न. वर चोपन्नची मर्यादा. किती ते किती? साडेपाच ते..."

"सव्वाआठ."

"सव्वाआठ. फॉइल दुहेरी. अर्ध्या-अर्ध्या, पंधरा दिवस. मधे फडकं. फडकं कसलं?"

"सुती. धुऊन मऊ झालेलं. माझ्या साडीचं आहे."

"सुती फडकं," सरांनी लिहिलं. तो मेमोचा कागद होता. मॅडमच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. मॅडम त्या पेनाकडे बघत राहिल्या. पान भरत गेलं, आणि कुठल्यातरी ओळीला, कुठल्या ते मला आठवत नाही, त्या हळूच खुर्चीत बसल्या.

मग आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. गुरुवार आणि शुक्रवार, दोन रात्री डब्यात झोपलेली पट्टी मी पाण्यात टांगली. दिवा मॅडमनी लावला. एक, दोन, तीन, चार सेकंद. मला वाटलं संपलं. आणि मग तिने मान वळवली. आरामात, झोप पूर्ण झालेल्या माणसासारखी. रोहन मागून "आयला!" असं ओरडला आणि मॅडमनी त्याला "भाषा!" म्हणून झापलं. मी खाली स्टुलावर बसले ते पाचेक मिनिटं उठलेच नाही. मग एकदम कडकडून भूक लागली. मॅडमनी ओळखलं. "पिशवीत खाजा आहे. जिन्यात."

सोमवारी पाहुणे आले. सरांनी पहिल्या मिनिटाला सांगून टाकलं की आमच्या पेपरमध्ये एक पायरी लिहायची राहिली होती, चूक आमची. मग डबा दाखवला. त्यांच्यातली एक बाई डब्याच्या आत वाकून थर्मामीटर बघत होती आणि मॅडम तिच्या मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "झाकण वाजवू नका." दोन आठवड्यांनी त्यांचा मेल आला. त्यांच्याकडेही वाकतंय, तेराव्या दिवशीही. त्यांनी डबा आणलाय, फक्त बिस्किटांचा मिळाला नाही, मिठाईचा आहे.

पेपरला दुरुस्ती गेली, त्यात एक पायरी वाढली आणि लेखकांत एक नाव. सरांनी विचारलं, नाव कसं लिहू, व्ही. मयेकर? मॅडम म्हणाल्या, "पूर्ण लिहा. व्ही. मयेकर माझा दीर पण आहे, विनायक. त्याने आयुष्यात पंखासुद्धा दुरुस्त केलेला नाही."

आणि मग त्यांचा शेवटचा दिवस.

निरोपाचा कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये. हार, शाल, समोसे, माइकची कुरकुर. शुक्रवार होता, म्हणून अबोलीची वेणी. सर बोलायला उभे राहिले आणि चांगलं बोलत होते, अगदी मनापासून, पडद्याचा रॉड वगैरे सगळं. मॅडम स्टेजवर बसून ऐकत होत्या. म्हणजे मला वाटलं ऐकतायत. मग दिसलं, त्या घड्याळ बघतायत. एकदा. दोनदा. नंतर सरळ शाल खुर्चीवर ठेवून उठल्या, बाजूच्या पायऱ्या उतरल्या आणि माझ्या कानाशी आल्या. "साडेपाचला पाच कमी आहेत."

सर स्टेजवर बोलत राहिले. आम्ही दोघी जिना चढून लॅबमध्ये. त्यांनी बाहेर चपला काढल्या पण कॅनव्हासचे बूट घातले नाहीत. बूट सकाळीच पिशवीत गेले होते. म्हणून त्या दाराच्या उंबऱ्यावरच थांबल्या, अनवाणी, आत पाऊल न टाकता. हात पाठीमागे बांधलेले.

मी एकेक पट्टी फॉइलमध्ये घेतली. दुहेरी. फडकं सारखं केलं. मधे ठेवल्या, कोपऱ्यात नाही. थर्मामीटर बघितला, मोठ्याने वाचला, "एक्कावन्न." मी झाकण ठेवलं, न वाजवता. वळून बघितलं. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते, फक्त एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"झालं?"

"झालं, मॅडम."

"बरं." त्यांनी चपला घातल्या. "चल, समोसे थंड होतील. नाही, तू ये सावकाश, दार लावून."

त्या गेल्या. मी दिवे बंद केले, दार ओढलं आणि तिथेच उभी राहिले. चट-चट-चट, चपलांचा आवाज कॉरिडॉरमधून लांब जात होता. चार पावलं. मी वाट बघत होते, आता थांबेल, आता परत येईल, कडी एकदा ओढली जाईल. पाच, सहा, सात. जिन्यापर्यंत गेला. वळणावर मला त्यांची पाठ दिसली, वेणी दिसली, आणि जिना उतरताना त्यांनी हात सोडले, दोन्ही, मोकळे.

त्या परत फिरल्या नाहीत.